माशांच्या टाकीतला अपुरा हिशेब

काही वर्षांपूर्वी जळगावात, दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरी माशांची एक टाकी आली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. तळाला स्वच्छ धुतलेले पांढरे खडे, कोपऱ्यांत हिरव्या पाणवनस्पतींच्या जुड्या, हवेचा छोटा पंप आणि सहा गोल्डफिश. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून त्यातला क्लोरीनही आम्ही जाऊ दिला होता. सहाव्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू-मिटू लागले. नवव्या दिवशी सकाळी त्यांतला एकही जिवंत नव्हता. पाणी मात्र अगदी नितळ होते. मुलीने विचारले, "पाणी तर स्वच्छ होतं, मग ते मेले कशाने?" विज्ञानातली डॉक्टरेट गाठीशी असूनही आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही.

पुढे धुळ्याच्या एका शिक्षकमित्रांशी बोलताना कळले की त्यांच्या शाळेच्या प्रयोगशाळेतही हेच घडले होते. त्यांनी आधी फळ्यावर बाणांचे वर्तुळ काढून धडा शिकवला होता : मासे कार्बन डायऑक्साइड सोडतात, वनस्पती तो घेतात, वनस्पती ऑक्सिजन सोडतात, मासे तो घेतात, असे हे संतुलन कायम राहते. दुसऱ्या आठवड्यात वर्गासमोरच मासे गेले. तेव्हा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, वर्तुळ बरोबर होतं, मासेच चुकले."

मासे चुकले नव्हते. वर्तुळ अपुरे होते. ते कोणी काढले, त्यात काय राहून गेले आणि राहिलेला भाग भरून निघायला इतका काळ का लागला, हा विज्ञानाच्या इतिहासातला एक शिकण्यासारखा प्रसंग आहे. घरातली छोटी टाकी सुरक्षितपणे सांभाळायची तर हा इतिहास ठाऊक असलेला बरा, असे आमचे मत झाले आहे.

लंडनमधले काचपात्र

माणूस मासे पाळतो आहे ते फार पूर्वीपासून. चीनमध्ये गोल्डफिशची पैदास काही शतके चालत आलेली आहे. पण ते मासे हौदात किंवा कुंडात ठेवले जात आणि पाणी वारंवार बदलावे लागे. पाणी न बदलता मासे जगवता येतील का, हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने हाती घेतला तो रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने. वॉरिंग्टन (१८०७–१८६७) लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेत रसायनतज्ज्ञ होते. लंडनची केमिकल सोसायटी १८४१ मध्ये स्थापन झाली, तीत त्यांचा पुढाकार होता.

१८४९ मध्ये त्यांनी सुमारे बारा गॅलन मावतील असे एक काचपात्र घेतले आणि ते साधारण निम्मे झऱ्याच्या पाण्याने भरले. तळाला वाळू आणि चिखल घातला, वर चुनखडीचे व वालुकाश्माचे दगड ठेवले. व्हॅलिस्नेरिया ही रिबिनीसारख्या पानांची पाणवनस्पती लावली आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. लंडनच्या हवेतली काजळी पाण्यात पडू नये, पण हवा खेळती राहावी म्हणून तोंडावर पातळ मलमल ताणून बसवली.

सुरुवातीला सारे ठीक चालले. मग वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि काचेवर हिरवा थर चढला. निसर्गातल्या डबक्यात हे कुजके कोण साफ करते, असा विचार करून वॉरिंग्टननी पात्रात तळ्यातल्या गोगलगाई सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पाने खाल्ली, पाणी पुन्हा निवळले आणि मासे महिनोन् महिने जगले. मार्च १८५० मध्ये त्यांनी ही निरीक्षणे केमिकल सोसायटीपुढे वाचली. प्राणी आणि वनस्पती यांच्यातले संबंध जुळवून दोघांचेही जीवनव्यापार कायम चालू ठेवता येतात, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या निष्कर्षाला भक्कम आधार होता. इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टलीने १७७० च्या दशकाच्या सुरुवातीला, मेणबत्तीने बिघडवलेली हवा पुदिन्याचे रोप पुन्हा सुधारते हे दाखवले होते. १७७९ मध्ये यान इंगेनहाउझ याने हे काम वनस्पतींचे हिरवे भाग करतात आणि तेही फक्त प्रकाशातच, हे सिद्ध केले. हायड्रिलाच्या फांद्यांवर नरसाळे उपडे ठेवून परीक्षानळीत वायू गोळा करण्याचा जो प्रयोग आपण शाळेत करतो, तो याच परंपरेतला. वॉरिंग्टननी ही दोन टोके एका भांड्यात आणून जोडली. फळ्यावरचे वर्तुळ ते हेच.

काचेची लाट

ही कल्पना पसरायला वेळही योग्य होती. ब्रिटनमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्ये रद्द झाला होता आणि काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडले. त्यामागे फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाचा मोठा वाटा होता. १८५४ मध्ये त्याने 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक लिहिले आणि तो शब्द रूढ केला. पाहता पाहता मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात काचेच्या टाक्या आल्या. समुद्रकिनाऱ्यावरचे खडक लोक जीव गोळा करण्यासाठी अक्षरशः खरवडू लागले. गॉसचा मुलगा एडमंड याने पुढे १९०७ मध्ये आपल्या आठवणींत, वडिलांच्या पुस्तकांमुळेच ते किनारे उजाड झाले अशी खंत नोंदवली आहे.

घरोघरच्या या टाक्यांत मासे किती मरत होते याचा हिशेब कोणी ठेवला नाही. लाट काही वर्षांतच ओसरली. मोठ्या मत्स्यालयांतल्या जाणत्यांना मात्र अनुभवाने कळू लागले होते की केवळ वनस्पतींवर भिस्त ठेवून भागत नाही. विल्यम लॉइड याने १८७१ मध्ये उघडलेल्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात इमारतीखाली अंधारा, प्रचंड हौद बांधला आणि त्यातले पाणी पंपाने सतत टाक्यांमधून फिरवत ठेवले. ही युक्ती लागू पडली. ती का लागू पडते, याचे पुरे उत्तर त्या काळात कोणाजवळच नव्हते.

हिशेबात काय राहिले?

वॉरिंग्टनच्या वर्तुळात कार्बन आहे, ऑक्सिजन आहे. नायट्रोजन, म्हणजे नत्र, नाही. मासा जे खातो त्यात प्रथिने असतात आणि प्रथिनांत नत्र असतो. हा नत्र शरीराबाहेर टाकताना आपण युरिया बनवतो. मासा मात्र त्याचा बहुतांश भाग अमोनियाच्या रूपात टाकतो आणि तोही मुख्यतः कल्ल्यांमधून. म्हणजे तळाशी पडलेली विष्ठा आपण रोज काढून घेतली तरी विष पाण्यात मिसळतच राहते. या अमोनियाला रंग नाही आणि मासे मारायला पुरते तेवढ्या प्रमाणात त्याचा वासही येत नाही. आमच्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. नितळ पाणी आणि निर्विष पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग वॉरिंग्टनचे मासे का जगले? पाण्यात दोनच लहान मासे होते, लंडनची हवा थंड होती, वनस्पतीही थोडा अमोनिया थेट शोषून घेतात. पण आणखी एक गोष्ट त्यांच्या पात्रात होती आणि आमच्या टाकीत नव्हती : तळाचा चिखल. त्याचे महत्त्व त्यांना माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. ते उलगडले सांडपाण्याच्या आणि शेतीच्या अभ्यासातून.

वाळूची नळी आणि वीस दिवस

जमिनीत सोरा, म्हणजे नायट्रेट, आपोआप तयार होतो हे माणसाला पूर्वीपासून माहीत होते. बिहारमध्ये जुन्या वस्त्यांची माती धुऊन सोरा काढत आणि तो बंदुकीच्या दारूसाठी युरोपात जाई. पण ही क्रिया निव्वळ रासायनिक आहे असा समज होता.

१८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंत्झ या दोघांनी एक साधा प्रयोग केला. साधारण एक मीटर लांबीच्या नळीत वाळू आणि थोडी चुनखडीची पूड भरली आणि वरून सांडपाणी सावकाश झिरपू दिले. पहिले सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही, वरून गेलेला अमोनिया खालून तसाच बाहेर पडत राहिला. त्यानंतर खालच्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले आणि अमोनिया नाहीसा झाला. निव्वळ रासायनिक क्रिया असती तर ती पहिल्या दिवसापासून व्हायला हवी होती. हे वीस दिवस काहीतरी वाढत होते. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तेव्हा नायट्रेट बनणे थांबले. नंतर बागेतल्या मातीचे थोडे पाणी घातल्यावर ते पुन्हा सुरू झाले. हे काम जीवाणूंचे होते.

ही वार्ता इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात पोचली आणि तिथल्या एका रसायनशास्त्रज्ञाने ती लगेच उचलून धरली. त्याचे नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. हा काचपात्रवाल्या वॉरिंग्टनचाच मुलगा, वडिलांच्याच नावाचा. वडिलांनी तो निबंध वाचला तेव्हा हा अकरा वर्षांचा होता. वडील १८६७ मध्ये वारले होते.

धाकट्या वॉरिंग्टनने पुढची बारा-तेरा वर्षे या प्रश्नाला वाहून घेतली. ही क्रिया दोन टप्प्यांत होते, आधी अमोनियाचे नायट्राइट आणि मग नायट्राइटचे नायट्रेट, आणि दोन टप्प्यांचे जीवाणू वेगळे असतात, हे त्याच्या कामातून स्पष्ट झाले. उजेडात ही क्रिया मंदावते, अंधारात नीट चालते, हेही त्याला आढळले. वडिलांचे वर्तुळ उजेडावर चालणारे होते. मुलाने शोधलेला त्याचा उरलेला भाग अंधारात चालणारा निघाला. ते जीवाणू वेगळे काढून वाढवण्यात मात्र त्याला यश आले नाही. ते यश १८९० च्या सुमारास झुरिचमध्ये काम करणाऱ्या सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाला मिळाले. हे जीवाणू सेंद्रिय अन्नावर वाढत नाहीत हे त्याने ओळखले. अमोनियाच्या ऑक्सिडीकरणातूनच ते ऊर्जा मिळवतात.

म्हणजे १८९० पर्यंत टाकीच्या हिशेबातल्या दोन्ही बाजू शास्त्रज्ञांना ठाऊक झाल्या होत्या. पण मुलाचे काम शेतीच्या ग्रंथांत गेले आणि वडिलांचे छंदाच्या पुस्तकांत. ते एकत्र वाचायला फारसे कोणी बसले नाही. "संतुलित टाकी"चे वर्तुळ शाळेच्या पुस्तकांत जसेच्या तसे छापले जात राहिले.

गाळणी आली, नावे उशिरा कळली

विसाव्या शतकाच्या मध्यापासून हौशी लोकांच्या टाक्यांत गाळण्या आल्या : कधी खड्यांखालून पाणी ओढणारी जाळी, कधी स्पंज. काठ जोडायला सिलिकॉन मिळू लागल्यावर लोखंडी चौकट आणि लांबी यांची गरज संपली आणि निव्वळ काचेच्या टाक्या बनू लागल्या. आपल्याकडे मद्रासला १९०९ मध्ये सागरी मत्स्यालय झाले होते. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि महाराष्ट्रातल्या शाळांच्या कित्येक पिढ्यांनी सहलीत रंगीत मासे पहिल्यांदा पाहिले ते तिथे. काचेमागचे मासे सर्वांना दिसले. भिंतीमागच्या गाळण्या आणि पंप पाहण्याची वेळ सहलीतल्या मुलांवर कशाला येईल! घरी आली ती काच आणि मासे. गाळणी आली तीही "पाणी स्वच्छ करणारे यंत्र" म्हणून. खरे तर गाळणी ही जीवाणूंच्या वस्तीसाठी दिलेली जागा आहे. केरकचरा अडवणे हे तिचे दुय्यम काम.

हे जीवाणू कोणते, याची गोष्टही संपलेली नव्हती. शंभर वर्षे सर्व पुस्तकांत नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर अशी जोडी दिलेली असे, कारण मातीतून वेगळे काढले गेले ते हे. टिमथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये आणि पुन्हा १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्यांतली जनुकद्रव्ये तपासली, तेव्हा तिथे नायट्रोबॅक्टर जवळजवळ नव्हताच. नायट्राइटचे काम नायट्रोस्पायरा नावाचे जीवाणू करत होते. २०११ मध्ये असे दिसले की बहुतेक गोड्या पाण्याच्या टाक्यांत अमोनियाच्या टप्प्यावर जीवाणूंपेक्षा आर्किया या निराळ्याच सूक्ष्मजीवांची संख्या जास्त असते. २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा सापडले. दोन संशोधकगटांनी ते एकाच वेळी प्रसिद्ध केले आणि त्यांतल्या एका गटाला ते मत्स्यपालनाच्या गाळणीतच मिळाले होते. दोन टप्प्यांना दोन जीव लागतातच, ही सव्वाशे वर्षांची समजूत माशांच्या पाण्यानेच दुरुस्त केली. विज्ञानाचे पाठ्यपुस्तक शिकवताना ही गोष्ट विद्यार्थ्यांना जरूर सांगावी.

लंडनचे पाणी आणि खानदेशचे पाणी

आता आपल्या घराकडे येऊ. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. अमोनियम आयन तुलनेने निरुपद्रवी आहे. मुक्त अमोनिया कल्ल्यांतून सहज आत शिरतो आणि तोच घातक. दोहोंचे प्रमाण पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, आणि तापमान यांवर ठरते. २५ अंश सेल्सियसला सामू ७ असेल तर एकूण अमोनियाचा सुमारे अर्धा टक्काच मुक्त रूपात असतो. सामू ८ झाला की तो ५ टक्क्यांवर जातो, म्हणजे जवळजवळ दहापट.

खानदेश बसाल्ट खडकावर वसलेला आहे. इथले विहिरींचे आणि विंधणविहिरींचे पाणी बहुधा जड आणि किंचित अल्कधर्मी असते, सामू ८ च्या आसपास. त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांकडे झुकतो आणि वरच्या मजल्यावरच्या घरातल्या टाकीचे पाणी ३५ अंशांपर्यंत सहज पोचते. सामू ८ असताना १५ अंशांना मुक्त अमोनियाचे प्रमाण सुमारे २.७ टक्के असते, ३५ अंशांना ते १० टक्के होते. म्हणजे लंडनमधल्या थंड खोलीत जेवढा अमोनिया मासा सोसून गेला असता, तेवढाच जळगावात मे महिन्यात जवळजवळ चौपट विषारी ठरतो. दुसरीकडे पाण्यात मावणारा ऑक्सिजन घटतो : १५ अंशांना एका लिटरमध्ये १० मिलिग्रॅम, ३५ अंशांना ७ मिलिग्रॅम. मासा थंड रक्ताचा, त्यामुळे उष्णतेने त्याची ऑक्सिजनची गरज मात्र वाढलेली असते. रात्री तर टाकीतल्या वनस्पतीही ऑक्सिजन घेणाऱ्यांच्या रांगेत येऊन बसतात.

हीच क्रिया आपल्या विद्यार्थ्यांच्या शेतात रोज चालू असते. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत शेतकरी युरिया देतो. मातीत त्याचा अमोनिया होतो, अमोनियाचे नायट्राइट आणि मग नायट्रेट. थोडे केळी घेते, उरलेले पाण्याबरोबर खाली झिरपते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे, कारण तान्ह्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची शक्ती त्याने कमी होऊ शकते. टाकीतल्या नायट्राइटने माशाच्या रक्तात हेच होते आणि त्याचे कल्ले तपकिरी पडतात. टाकी, केळीची बाग आणि गावची विहीर यांचा धडा असा एकच आहे.

घरातली टाकी : इतिहासाने दिलेले नियम

श्लोझिंग आणि म्युंत्झ यांच्या नळीला वीस दिवस लागले. नव्या टाकीलाही साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकीत मासे न सोडता फक्त पाणी, खडे आणि चालू गाळणी ठेवावी आणि दोन-तीन दिवसांनी चिमूटभर माशांचे खाद्य टाकावे. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जीवाणूंना अन्न मिळते. ओळखीच्या कोणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या गाळणीतला स्पंजचा तुकडा किंवा मूठभर खडे मागून आणावेत. वॉरिंग्टनच्या चिखलाचे काम ते करतात. अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचे संच शोभिवंत माशांच्या दुकानांत मिळतात. दोन्ही शून्यावर आले की मग मासे सोडावेत, तेही एका वेळी एक-दोन. आमचे सहा गोल्डफिश पहिल्याच दिवशी, धुऊन निर्जीव केलेल्या खड्यांवर सोडले गेले होते. ते जगणे शक्यच नव्हते.

गाळणीचा स्पंज नळाखाली कधीही धुऊ नये, कारण नळाच्या पाण्यातला क्लोरीन जीवाणूंनाच मारतो. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळावा. शेवटी उरणारे नायट्रेट बाहेर काढण्यासाठी आठवड्याला साधारण पाव हिस्सा पाणी बदलावे. आपल्याकडे अनेक वस्त्यांत पाणी काही दिवसांआड येते. तेव्हा माशांच्या वाट्याची एक बादली आधीच भरून उघडी ठेवावी, क्लोरीनही जातो. उन्हाळ्यात वाफ होऊन गेलेल्या पाण्याची नुसती भर घालत राहू नये. वाफेबरोबर क्षार जात नाहीत, त्यामुळे जड पाणी आणखी जड होत जाते.

वीज गेली की गाळणी थांबते. एक ग्रॅम अमोनिया-नत्राचे नायट्रेट व्हायला सुमारे साडेचार ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणून वाहते पाणी थांबले की जीवाणूही गुदमरतात. भारनियमनाच्या दिवसांत बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ठेवावा आणि त्या वेळी खाद्य देऊ नये. हवेचा पंप नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा. तो खाली असला तर वीज जाताच पाणी नळीतून उलटे वाहू शकते : पंप बिघडतो, जमीन भिजते आणि जवळ विजेचा बोर्ड असेल तर धोका होतो. मे महिन्यात टाकीच्या उघड्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला की पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते तेच हे कारण, आणि आपल्या कोरड्या हवेत ते चांगले चालते.

विजेबाबत हयगय नको. टाकीत हात घालण्यापूर्वी सर्व प्लग काढावेत. प्रत्येक वायर आधी खाली झुकवून मग वर सॉकेटकडे न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोळात गळून पडते, सॉकेटपर्यंत पोचत नाही. घराच्या जोडणीत गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच असावा.

आता वजन. ६० × ३० × ३० सेंटिमीटरच्या टाकीत ५४ लिटर पाणी मावते. काच, खडे धरून एकूण भार ७० किलोच्या आसपास होतो. फ्लॅटची जमीन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोचा भार सर्वत्र धरून आखलेली असते, त्यामुळे एवढ्या टाकीची चिंता नाही. तरी ती भिंतीलगत, सपाट आणि भक्कम टेबलावर, खाली थर्मोकोलचा पत्रा घालून ठेवावी. तळाशी पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅम, म्हणजे सरासरी १५ ग्रॅम. यावरून समोरच्या काचेवर एकूण किती जोर पडतो, हे विद्यार्थ्यांना काढायला सांगावे. उत्तर २७ किलो येते आणि ते ऐकून मुले टाकीला टेकून उभी राहणे सोडतात.

शेवटचा नियम नद्यांसाठी. कंटाळा आला किंवा मासे मोठे झाले म्हणून ते तापी, गिरणा, पांझरेत किंवा जवळच्या तलावात सोडू नयेत. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खात्याकडून मिळणारे गप्पी मासेही दक्षिण अमेरिकेच्या बाजूचे, पाहुणेच आहेत. ते बंद हौदातच शोभतात. परके मासे स्थानिक माशांची अंडी आणि अन्न खातात, आणि एकदा पसरले की परत बोलावता येत नाहीत.

वर्गासाठी

धुळ्याच्या मित्रांनी पुढच्या वर्षी प्रयोग बदलला. त्यांनी माशांशिवाय तीन बरण्या ठेवल्या. पहिलीत नुसते पाणी, दुसरीत पाणी आणि धुतलेले खडे, तिसरीत पाणी आणि जुन्या टाकीतले खडे. तिन्हींत सारखेच चिमूटभर खाद्य घातले आणि छोट्या पंपाने सारखीच हवा सोडली. मुलांनी एक दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट तपासून आलेख काढले. तिसऱ्या बरणीत अमोनिया फारसा चढलाच नाही. दुसरीत आधी अमोनियाचा डोंगर आला, तो उतरताना नायट्राइटचा चढला, आणि महिन्याभराने दोन्ही रेषा खाली टेकल्या. एकही मासा मेला नाही.

मग सरांनी फळ्यावर तेच जुने वर्तुळ काढले आणि त्यात काय राहिले आहे ते मुलांना भरायला सांगितले. आदल्या वर्षी "मासेच चुकले" म्हणणारा विद्यार्थी आता वरच्या वर्गात होता. मधल्या सुट्टीत तो मुद्दाम येऊन ते आलेख पाहून गेला.